अपेंडिक्समधला ग्रॅन्युलोमा आणि क्रोनचा आजार: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

अपेंडिक्सच्या तपासणीत ग्रॅन्युलोमा (दाहातून जमलेल्या पेशींचा सूक्ष्म पुंजका) सापडला म्हणून क्रोनचा आजार (आतड्याचा दीर्घकाळ चालणारा दाह) झालाच असे धरू नये, या माझ्या वाक्याला आपण कोथरूडहून सविस्तर आक्षेप घेतला आहे. भावाच्या रिपोर्टमध्ये ‘ग्रॅन्युलोमॅटस अपेंडिसायटिस’, म्हणजे ग्रॅन्युलोमा असलेला अपेंडिक्सचा दाह, असे लिहून आले असताना थांबायला सांगणे म्हणजे उपचार लांबवणे, असे आपले म्हणणे आहे. आपली काळजी रास्त आहे. माझे मत मात्र कायम आहे. ते मी फार त्रोटक मांडले, ही चूक माझी.

आपण ओघात लिहिलेली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. भावाच्या अपेंडिक्सचा आधी गोळा झाला होता, तो अँटिबायोटिक्सने बसवला आणि दोन महिन्यांनी शस्त्रक्रिया झाली. तातडीने काढलेल्या अपेंडिक्समध्ये ग्रॅन्युलोमा क्वचितच दिसतो. पण असे मागाहून काढलेल्यात तो बऱ्याचदा आढळतो, कारण रेंगाळलेल्या दाहानेही तो तयार होतो. नमुन्यासोबतच्या फॉर्मवर हा इतिहास नसेल, तर स्लाइड पाहणाऱ्याची दिशाभूल होऊ शकते.

दुसरा प्रश्न क्षयरोगाचा. टिळक रस्त्यावरच्या आमच्या लॅबमध्ये गुलाबी-जांभळ्या स्लाइडवर पेशींचे दाट पुंजके आणि त्यांत अनेक केंद्रकांची एखादी मोठी पेशी दिसली, की माझ्या मनात आधी टीबी येतो. पुंजक्याच्या मधोमध मृत पेशींचा भुगा आहे का, हे मी पाहते आणि ब्लॉकमधून (मेणात बसवलेल्या नमुन्याच्या ठोकळ्यातून) आणखी काप घेऊन झेड-एन रंग द्यायला सांगते. त्या रंगात टीबीचे जंतू लाल दिसतात, परंतु ते दिसले नाहीत म्हणून टीबी नाही असे ठरत नाही. क्रोन समजून स्टेरॉइड सुरू केले आणि मूळ आजार टीबी निघाला, तर तो बळावतो, आणि हीच भीती मला उशिरापेक्षा मोठी वाटते.

तरीही स्वस्थ बसा, असे मी म्हणत नाही. १९३२ मध्ये क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर यांनी हा आजार मांडला तो लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा, म्हणजे अपेंडिक्सच्या अगदी शेजारचा. जुलाब लांबले, वजन उतरले किंवा गुदद्वाराजवळ भगंदर झाले, तर पोटविकारतज्ज्ञांकडून कोलोनोस्कोपी करून तो भाग पाहून घ्यावा. केवळ अपेंडिक्सपुरता ग्रॅन्युलोमा असलेल्यांपैकी थोड्यांनाच पुढे क्रोन होतो.

भावाचा ब्लॉक लॅबने जपून ठेवलेला असेल. गोळा झाल्याची आणि शस्त्रक्रियेची तारीख कळवून तो पुन्हा वाचून घ्या.