शेवटी कोण मेलं?

मागच्या महिन्यात एका एकांकिका स्पर्धेला परीक्षक म्हणून बसलो होतो. दोन दिवसांत अकरा एकांकिका, आणि त्यातल्या आठांत शेवटी कुणीतरी मेलं. गळफास दोन, विष एक, रेल्वेखाली एक. बाकीचे नुसतेच ब्लॅकआउटमध्ये गेले आणि मागून बासरी वाजली. चहाच्या वेळी शेजारचे परीक्षक म्हणाले, "यंदा शोकांतिकांचं पीक जोरात आहे." मी हसलो खरा, पण तो शब्द घरी येईपर्यंत डोक्यातून गेला नाही.

शोकांतिका, म्हणजे जिच्या अंती शोक ती. शब्दानंच सांगून टाकलं की शेवटाकडे बघा. काही जाणत्या मंडळींनी 'शोकात्मिका' हा शब्द रुळवायचा प्रयत्न केला. तो कितीतरी बरा, पण मराठीच्या वर्गाबाहेर फारसा आलाच नाही. मूळ ग्रीक शब्दात तर शोकही नाही आणि अंतही नाही. 'त्रागोदिया', म्हणजे इंग्रजीतली ट्रॅजेडी, हिचा शब्दशः अर्थ बोकडाचं गाणं. (बोकड कशासाठी, यावर विद्वान अजून भांडतायत. भांडू देत.)

हे उगाच खुसपट नाही. इ.स.पू. 458 मध्ये अथेन्सला ग्रीक नाटककार एस्किलसची 'ओरेस्तेइया' ही नाटकांची मालिका झाली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. पहिल्या नाटकात बायको नवऱ्याला मारते, दुसऱ्यात मुलगा आईला मारतो, आणि तिसरं संपतं कोर्टात! मतं समसमान पडतात, मुलगा सुटतो, आणि सुडासाठी त्याच्या मागे लागलेल्या देवतांची अथेना देवी समजूत काढून त्यांना शहरातच मानाची जागा देते. शेवटी चक्क मिरवणूक निघते. ग्रीकांच्या लेखी ही ट्रॅजेडीच.

आणि नुसतं रडवणं म्हणजे ट्रॅजेडी असेल, तर फ्रिनिकस या नाटककाराला डोक्यावर घेऊन नाचायला हवं होतं. पर्शियनांनी इ.स.पू. 494 मध्ये मिलेटस हे अथेन्सच्या नात्यातलं शहर उद्ध्वस्त केलं. त्यावर त्यानं नाटक लिहिलं आणि अख्खं प्रेक्षागृह ओक्साबोक्शी रडलं. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो की अथेन्सवाल्यांनी त्याला 1000 द्राख्मांचा दंड ठोकला. वर हुकूम काढला की हे नाटक पुन्हा कुणी करायचं नाही. का, तर आमच्याच घरच्या दुःखाची आठवण करून दिलीस म्हणून. आपल्याकडे त्याला अभिनयाची दोन बक्षिसं आणि एक फिरता चषक नक्की मिळाला असता.

मग चांगली ट्रॅजेडी कोणती? ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलचं 'काव्यशास्त्र' लहानसं पुस्तक आहे. विंदा करंदीकरांनी ते मराठीत आणलंय, वाचलं नसेल तर जरूर वाचा. ॲरिस्टॉटल म्हणतो, ट्रॅजेडीनं करुणा आणि भय जागं करायला हवं. करुणा वाटते ती ज्याची लायकी नसताना त्याच्यावर वेळ आली त्याच्याबद्दल, आणि भय वाटतं ते तो माणूस आपल्यासारखा असला तर. म्हणून अगदी देवमाणूस धुळीला मिळाला तर चालत नाही, त्यानं नुसती शिसारी येते. पक्का नीच माणूस आपटला तर बरंच झालं वाटतं, करुणा येत नाही. नायक हवा मधला, आणि तो पडायला हवा 'हामार्तिया'मुळे.

आता या शब्दाचं आपण गाइडांमधून पार भरीत केलंय. 'नायकाचा स्वभावदोष, 5 गुण.' पण हामार्तिया हा मुळात नेम चुकण्याचा शब्द. भाला फेकला आणि लागला नाही, ते. माणूस वाईट नव्हता, त्याला पूर्ण दिसत नव्हतं, आणि त्यानं हात उचलला. स्पर्धेतल्या एका एकांकिकेत बाप इतका सज्जन होता की मुंगीलाही अहो-जाहो करील, आणि सावकार इतका दुष्ट की एंट्रीलाच ढोल. त्या बापाचा नेम चुकायला त्याच्या हातात काही होतंच कुठे?

सोफोक्लीसच्या नाटकातल्या ईडिपस राजाकडे बघा. नकळत बापाला मारून आईशीच लग्न करून बसलेला माणूस. तो जिथे वाढला त्या कोरिंथहून निरोप्या येतो, तो आनंदाची बातमी घेऊन. तुमचे वडील वारले, आता तिथलं राज्य तुमचं. ईडिपसचा जीव भांड्यात पडतो, कारण 'तू बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील' या भविष्यवाणीतला पहिला भाग खोटा ठरला. पण आई अजून आहे, तिची धास्ती आहेच. निरोप्या भला माणूस, तो ती धास्तीही घालवायला जातो: अहो, ती तुमची आई नव्हेच! तुम्हाला मीच तर आणून दिलं होतं, पाय टोचून बांधलेले होते. मागे उभ्या योकास्टाला, त्याच्या बायकोला, म्हणजे खऱ्या आईला, सगळं कळतं. ती म्हणते, आता पुरे, पुढे विचारू नका. तो विचारतो. भीती घालवायला आलेल्या वाक्यानंच सगळं उलटं फिरतं, आणि त्याच क्षणी ओळखही पटू लागते. ॲरिस्टॉटल जिथे थांबून दाद देतो ती जागा ही. डोळे फोडणं पुढे येतं, तेही आत, पडद्याआड.

गंमत म्हणजे ईडिपसचं इतकं कौतुक करणारा हाच गृहस्थ एका प्रकरणात म्हणतो की शेवट दुर्दैवातच व्हावा, आणि लगेच पुढच्यात म्हणतो की सगळ्यात उत्तम प्रसंग तो, जिथे घात होणार तेवढ्यात ओळख पटते आणि घात टळतो. उदाहरण देतो नाटककार युरिपिडीसच्या इफिगेनिया या नायिकेचं. परक्यांचा बळी देणाऱ्या देवळात ती पुजारीण आहे, आणि बळी म्हणून समोर तिचाच भाऊ, पण दोघांना पत्ता नाही. तिला घरी पत्र पाठवायचंय. जहाज बुडून पत्र गेलं तर निदान निरोप तरी पोचावा, म्हणून ती ते पत्र मोठ्यानं सांगते. पत्र कुणाला, तर भावाला, आणि तो तिथेच उभा! दोघंही जिवंत सुटतात. या दोन प्रकरणांचा मेळ कसा घालायचा यावर ढीगभर लिहिलं गेलंय. मला तो घालावासाच वाटत नाही. त्याला दोन्ही आवडली असतील, माणूसच होता.

स्पर्धा संपल्यावर त्या सावकारवाल्या एकांकिकेचा लेखक भेटायला आला. विशीतला पोरगा, डोळे झोपेनं लाल. त्याला मी हे पत्राचं सांगितलं. म्हटलं, अरे, तुझ्या बापाला मारलंच पाहिजे असं काही नाही. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "खरंय सर, पण मेला नाही तर नंबर येत नाही."

पहिली आलेल्या एकांकिकेत शेवटी आई मरते. त्या निकालपत्रकावर तिसरी सही माझी आहे.