चिंचेने घासलेली यादवी

कालपासून मी मावशीशी ‘हो’, ‘नाही’ आणि ‘चहा टाकू का’ एवढंच बोलतोय. ती पुण्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे ओहायोला आली आहे, आणि काल तिने माझी टोकनं घासली. चिंचेने. देवाच्या ताम्हन-पळीबरोबर.

अमेरिकन यादवी युद्धातली टोकनं ती. 1862 मध्ये लोकांनी सुट्टे पैसे दडवले, साधा सेंट मिळेना, तेव्हा दुकानदारांनी, दारूवाल्यांनी आपापल्या नावाची तांब्याची टोकनं पाडून घेतली. 160 वर्षांत त्यांवर जो चॉकलेटी रंग चढतो, त्याचेच तर आम्ही पैसे मोजतो. आता पंधराच्या पंधरा लक्ष्मीपूजनाला मांडावीत अशी झळझळतायत.

“काय काळीकुट्ट झाली होती रे!”

“मावशी, ती जुनी आहेत.”

“मीही जुनी आहे. अंघोळ करते की नाही?”

मग चष्मा चढवून तिने एक उचललं. “हे काय लिहिलंय?”

“नॉट वन सेंट. ‘नॉट’ मुद्दाम बारीक. सरकारी नाण्याची नक्कल केली असं कुणी म्हणू नये म्हणून.”

“म्हणजे ‘एक सेंट नाही’ असं लिहून एक सेंट म्हणून खपवायचे?”

“हो.”

“आणि लोक घ्यायचे?”

“घ्यायचे.”

“तू कितीला घेतलंस?”

खरा आकडा मी बायकोलाही सांगितलेला नाही. “दहा डॉलर.”

मावशीने मनातल्या मनात रुपये केले. “वर स्पष्ट लिहिलेलं असून?”

न्यूयॉर्कच्या लिंडेनम्युलर नावाच्या बिअरवाल्याने अशी दहा लाखांवर टोकनं काढली. थर्ड अ‍ॅव्हेन्यूच्या ट्राम कंपनीकडे ती साठली, कंपनी ती बदलून मागायला गेली, तर हा हसला आणि नाही म्हणाला. शेवटी 1864 मध्ये अशी खासगी टोकनं बंद करणारा कायदाच करावा लागला. आमच्या पुण्यात सुट्ट्यांऐवजी हातावर चॉकलेट ठेवतात, त्याला कसला कायदा? तीच चार चॉकलेटं परत देऊन मी एकदा काडेपेटी मागितली होती. दुकानदाराने ज्या नजरेने पाहिलं, ती आठवली की अजून कान तापतात.

असो. विक्रेत्याला फोटो पाठवला. एका शब्दात उत्तर आलं: ‘घासलेली’. किंमत निम्मीसुद्धा नाही. मावशीला हे सांगितलं तर म्हणाली, “त्याला म्हणावं, चिंचेचे वेगळे लाव.”

सोळावं एकच चिंचेतून वाचलं. त्यावर लिहिलंय, झेंडा खाली ओढू पाहील त्याला जागच्या जागी गोळी घाला. फक्त साचा करणाऱ्याने ‘स्पॉट’चं ‘स्पूट’ केलंय. ते मी मोज्यात लपवलंय.

मावशी आज कपडे धुवायला काढतेय.