स्लीपर नुसत्या वजनावर जागेवर राहत नाही

घरामागच्या अंगणात बाग आखणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरत असतो. त्याचा मथितार्थ असा: रेल्वेचा जुना लाकडी स्लीपर इतका जड असतो की वाफ्याच्या कडेला तो नुसता ठेवला तरी पुरतो, फारच वाटले तर दोन सळया ठोकाव्यात किंवा टोके काँक्रीटमध्ये गाडावीत, त्याला डांबर पाजलेले असल्याने वाळवी लागत नाही, आणि भाजीच्या वाफ्यालाही तो खुशाल चालतो. यातील जवळजवळ प्रत्येक विधानात अर्धे सत्य आहे आणि उरलेले अर्धे सोलापूरच्या जमिनीवर टिकत नाही.

वजनाचा मुद्दा सर्वांत आधी घेतला पाहिजे, कारण बाकीचा सल्ला त्याच्यावरच उभा आहे. ब्रॉडगेजचा लाकडी स्लीपर साधारण २७५० मिलिमीटर लांब, २५० रुंद आणि १३० जाड असतो. तो साल वृक्षाच्या कठीण लाकडाचा असेल तर त्याचे वजन ७५ ते ८० किलोच्या आसपास भरते आणि दोन माणसांनाही तो उचलताना दम लागतो. परंतु हे वजन पावणेतीन मीटर लांबीवर विभागलेले असते, म्हणजे मीटरमागे ते तीस किलोही भरत नाही. सोलापूरची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आटून तिला भेगा पडतात. तिच्यातील चिकणमातीच्या खनिजांचा हा स्वभावच आहे, आणि याच फुगण्याने हलक्या बांधकामाच्या भिंतींना आणि जोत्यांना तडे जातात. जी माती घराला हलवते ती मीटरमागे तीस किलोला जुमानेल, असे मानण्यास काही आधार नाही. इथला बराचसा पाऊस सप्टेंबरात पडतो, त्यामुळे मे महिन्यात कोरड्या, भेगाळलेल्या मातीवर ओळंब्यात बसवलेली कड चार-पाच महिन्यांतच पूर्ण फुगलेल्या मातीवर येते. स्लीपर मग आतल्या मातीच्या रेट्याने बाहेर कलतो, किंवा एक टोक वर आणि एक खाली अशा स्थितीत राहतो.

म्हणून खरे काम स्लीपर आणण्याआधीच सुरू होते. स्लीपरच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंनी वीतभर जास्त असा चर खणावा, त्यातील काळी माती काढून टाकावी आणि तिच्या जागी मुरूम थराथराने, पाणी मारून आणि धुम्मसाने चोपून भरावा. त्यावर बारीक खडीचा तीन-चार बोटे जाडीचा थर द्यावा आणि स्लीपरची एक तृतीयांश उंची जमिनीत राहील अशा पातळीवर तो बसवावा. पुढे गाडलेल्या भागाचा आधार आणि खाली न फुगणारा थर, या दोन गोष्टी वजनापेक्षा कितीतरी जास्त काम करतात. ज्यांच्या प्लॉटवर हातभर खणल्यावरच मुरूम लागतो, त्यांचे हे काम सोपे आहे. एकाच वसाहतीत शेजारच्या प्लॉटवर खोल काळी जमीन निघू शकते, तेव्हा शेजाऱ्याचे पाहून ठरवण्यापेक्षा पहारीने एक खड्डा घेऊन पाहणे शहाणपणाचे.

आता सळयांकडे येऊ. 'दोन सळया ठोका' हे म्हणणे चूक नाही, अपुरे आहे. सालासारख्या कठीण लाकडात सळई सरळ ठोकता येत नाही. लाकूड फुटते किंवा सळई वाकते. १२ मिलिमीटरच्या टॉर सळईसाठी १४ मिलिमीटरचे भोक आरपार पाडावे लागते आणि सळईची लांबी पाऊण मीटरपेक्षा कमी असू नये, म्हणजे स्लीपरखाली किमान ६० सेंटिमीटर जमिनीत जाते. मुरमात ती आधी पहारीने किंवा हॅमर ड्रिलने वाट केल्याशिवाय उतरत नाही. जुन्या स्लीपरमध्ये रुळाच्या खिळ्यांची भोके असतात आणि तीच वापरण्याचा मोह होतो. रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर असल्याने ही भोके प्रत्येक टोकापासून साधारण अर्ध्या मीटरवर येतात. ती तळापर्यंत गेलेली असतीलच असे नाही, आणि गेली असली तरी दोन्ही टोके मोकळीच राहतात. कड सरकते ती टोकांच्या सांध्यापाशीच. त्यामुळे प्रत्येक टोकापासून १५ ते २० सेंटिमीटरवर एकेक आणि मध्ये एक, अशा तीन सळया घ्याव्यात. सळईचे वरचे टोक लाकडात बोटभर आत बसवून भोक बुजवावे, नाहीतर अनवाणी धावणाऱ्या मुलांच्या पायाला ते लागणारच. भोक पाडण्यापूर्वी लाकडात अडकलेली खडी आणि तुटलेले खिळे शोधून काढावेत. ड्रिलचे पाते तुटण्याचे आणि डोळ्याला इजा होण्याचे ते नेहमीचे कारण आहे.

येथे एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. खोल काळ्या जमिनीत साठ सेंटिमीटरची सळई फुगणाऱ्या थरातच राहते. ती स्लीपरला आडवे सरकू देत नाही, पण मातीबरोबर वर-खाली होणे थांबवू शकत नाही. म्हणूनच स्लीपर एकमेकांना पट्ट्यांनी घट्ट जखडू नयेत. सांध्यात बोटभर फट ठेवावी, म्हणजे प्रत्येक स्लीपर स्वतंत्रपणे थोडा हलेल आणि त्याच फटीतून मागचे पाणीही निघून जाईल. उताराला आडवी लावलेली बंद कड हा बंधाराच असतो, आणि त्यामागे साचलेले पाणी मातीला आणखी फुगवते. मागच्या बाजूला खडीचा उभा थर देणे हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे.

काँक्रीटमध्ये टोके गाडली की काम कायमचे होते, हा समज मला सर्वांत हानिकारक वाटतो, कारण त्यात पैसा जातो आणि उलट परिणाम होतो. लाकूड आणि काँक्रीट एकमेकांना धरत नाहीत. लाकूड आटले की फट पडते, फटीत पाणी उतरते आणि काँक्रीटच्या खोबणीत ते साचून राहते. नेमके तेच टोक आधी कुजते आणि बदलण्यासाठी सगळे फोडावे लागते. दोन थरांची कड करायची असेल तर लोखंडी अँगलचे खुंट काँक्रीटमध्ये उभे करून त्यांना स्लीपर कोच स्क्रूने (पान्याने पिळायच्या जाड स्क्रूने) बांधावेत, खालच्या-वरच्या थराचे सांधे विटांप्रमाणे चुकवावेत आणि लाकूड मात्र खडीवरच ठेवावे. गुडघ्याच्या वर माती अडवायची असेल तर ती कड राहत नाही, ती धारक भिंत होते आणि तिथे अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

वाळवीचा दावा थोडक्यात निकालात निघतो. ज्याला लोक डांबर म्हणतात ते क्रिओसोट, म्हणजे दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेले तेल, सालाच्या गाभ्यात फारसे मुरतच नाही. गाभा टिकतो तो स्वतःच्या गुणाने. जुन्या स्लीपरला पडलेल्या भेगा आणि आपण करवतीने कापलेली ताजी टोके ही वाळवीची प्रवेशद्वारे आहेत. आणि विक्रेत्याने 'स्लीपर' म्हणून दिलेले लाकूड खरोखर सालाचे आहे की बाभूळ-निलगिरीचा नवा ओंडका आहे, हेही पाहावे. रेल्वेने मार्गावर बहुतांशी काँक्रीटचे स्लीपर आणले आहेत, जुने लाकूड लिलावातून बाहेर पडते. त्यामुळे लिलावाच्या खरेदीची पावती मागावी. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणे हा १९६६ च्या कायद्यान्वये गुन्हा आहे.

राहिला भाजीचा वाफा. क्रिओसोटला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मानवात कर्करोग होण्याची बरीच शक्यता असलेल्या पदार्थांच्या गटात ठेवले आहे. युरोपीय संघाने असे जुने लाकूड खेळाच्या मैदानांत, त्वचेशी वारंवार संपर्क येईल अशा बागांत आणि रोपे वाढवण्याच्या कुंड्या-पेट्यांसाठी वापरण्यास बंदी घातली आहे. तिथला उन्हाळा आपल्यापेक्षा किती सौम्य, हे सांगायला नको. आपल्याकडे पारा ४२ अंशांवर गेला की अशा लाकडातून काळे चिकट तेल पाझरू शकते. मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्याला, मुलांच्या वाळूच्या खड्ड्याला आणि बसण्याच्या कट्ट्याला ते लाकूड नको. चार-सहा इंच उंचीच्या कडेसाठी तर उभी लावलेली शहाबादी फरशी पुरते, आणि ती आपल्याकडे स्लीपरपेक्षा सहज मिळते. फुलझाडांच्या कडेला स्लीपर वापरायचाच असेल तर कापताना हातमोजे आणि मास्क घालावा, भुसा मातीत मिसळू देऊ नये, आणि उरलेले तुकडे पाणी तापवायच्या बंबात किंवा चुलीत मुळीच जाळू नयेत. त्यांचा धूर घरातल्या माणसांच्याच छातीत जातो.