पीए की नर्सिंग? तुलनाच चुकीची होतेय

अमेरिकेतल्या आपल्या ओळखीच्या घरांमधून, मुलं अकरावी-बारावीत आली की मला हमखास मेसेज येतो, डॉक्टर नाही व्हायचं म्हणतेय, मग पीए (फिजिशियन असिस्टंट) करू दे की नर्सिंग? आणि बहुतेकांचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, पीए म्हणजे जवळजवळ डॉक्टर आणि नर्स म्हणजे हाताखालची. मी आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्स आहे, मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण या समजुतीवर मुलांची कितीतरी वर्षं आणि पैसे लागतात.

अहो पीएची तुलना करायची तर नर्स प्रॅक्टिशनरशी (एनपी, म्हणजे नर्सिंगमध्येच पुढे शिकलेली नर्स) करा ना. दोन्हींची सुरुवात एकाच वर्षी झालीये, १९६५ ला. ड्यूक युनिव्हर्सिटीत डॉ. यूजीन स्टेड यांनी नेव्हीतले कॉर्प्समन (तिथले वैद्यकीय मदतनीस) घेऊन पीएचा पहिला वर्ग काढला आणि तिकडे कोलोरॅडोत लोरेटा फोर्ड आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी नर्स प्रॅक्टिशनरचा कोर्स सुरू केला. आज दोघंही पेशंट तपासतात, निदान करतात, औषधं लिहून देतात. २०२३ च्या सरकारी आकड्यांत मधला पगार पीएचा वर्षाला साधारण १ लाख ३० हजार डॉलर, एनपीचा १ लाख २६ हजार आणि आरएनचा ८६ हजार.

फरक आहे तो तिथवर पोचण्यात. पीएला आधी चार वर्षांची डिग्री, त्यात पेशंटसोबत काम केल्याचे तास जमवा (बरीच कॉलेजं हजारभर तरी मागतात), मग साधारण २७ महिन्यांचं मास्टर्स आणि त्या काळात नोकरी जवळपास अशक्य, म्हणजे लोन आलंच. नर्सिंगचं जिन्यासारखं आहे, मध्ये मध्ये थांबायला जागा आहे. कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षांची असोसिएट डिग्री, एनक्लेक्स ही लायसन्सची परीक्षा पास झालात की पगार सुरू, मग नोकरी करत बीएसएन (नर्सिंगची बॅचलर डिग्री), आणि फीचा काही भाग बरीच हॉस्पिटल्स देतात. घरची परिस्थिती बेताची असेल तर मी डोळे झाकून नर्सिंग सांगते. शिवाय भूल देणारी नर्स (सीआरएनए) व्हायचं तर वाट नर्सिंगमधूनच जाते, आधी आयसीयूचा अनुभव लागतो, आणि पगार या सगळ्यांपेक्षा जास्त.

पीएची एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. आज ऑर्थो, उद्या इमर्जन्सी, परवा स्किन, नवीन डिग्री न घेता बदलता येतं. एनपी फॅमिली प्रॅक्टिसची असेल आणि तिला सायकियाट्रीत जायचं असेल तर परत शिका, परत सर्टिफिकेट घ्या. उलट निम्म्याहून जास्त राज्यांत एनपी डॉक्टरच्या देखरेखीशिवाय प्रॅक्टिस करू शकते, पीएला अजून बऱ्याच ठिकाणी डॉक्टरशी बांधून राहावं लागतं, कायदे सैल होतायत पण हळूहळू.

आणि आरएन म्हणून एक दिवसही काम न करता थेट एनपी करणं मला अजिबात पटत नाही. रात्री तीनला मॉनिटर वाजायच्या आधी पेशंटचा चेहरा बघून काहीतरी बिनसलंय हे कळणं, ते बारा-बारा तासांच्या शिफ्टमध्येच येतं, क्लासमध्ये येत नाही. आणि कित्येकजणी बेडसाइडलाच आयुष्यभर राहतात, कारण त्यांना तेच करायचं असतं. त्यांना 'पुढे काय' विचारू नका प्लीज.

मुलगा-मुलगी अजून गोंधळलेली असेल तर सुट्टीत सीएनएचं (नर्सच्या मदतनीसाचं) सर्टिफिकेट काढू दे, काही आठवड्यांचंच असतं. पेशंटला कूस बदलवणं, अंघोळ घालणं, जेवण भरवणं हे जमतंय का, आवडतंय का ते तिथेच कळेल, आणि ते तास पुढे पीएच्या ॲडमिशनलाही बऱ्याच ठिकाणी धरतात.