लाल रकाना

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. मोठं होईल, सांगून ठेवते.

सकाळी वर्षअखेरच्या रेटिंगची मीटिंग होती. स्क्रीनवर एक्सेल शीट, प्रत्येकाच्या नावापुढे रकाने. युक्रेनमधल्या खारकिवहून काम करणाऱ्या आमच्या सहकारिणीच्या नावापुढचा एक रकाना लाल होता. आत दोन शब्द, 'लोकेशन रिस्क'. टीम लीडच्या जागेसाठी तिचं नाव होतं, ते तिथेच कटलं. कुणी हरकत घेतली नाही. दीड मिनिटात आम्ही पुढच्या नावावर.

रिस्क म्हणे! जिच्या घराच्या काचा दोनदा फुटल्या, तिची आपल्याला रिस्क!

२४ फेब्रुवारी २०२२ ची सकाळ मला अजून जशीच्या तशी आठवते. टीमच्या चॅटवर तिचा मेसेज आला. "आज रोजच्या स्टँडअप मीटिंगला येता येणार नाही. इथे बॉम्ब पडतायत. कालचा कोड पुश केलाय, टेस्ट केसेस फोल्डरमध्ये आहेत." आणि मी काय केलं? त्याला अंगठा दिला. 'लाईक'चा अंगठा. रोज दिवसाला पन्नास मेसेजना देते तसा. दहा मिनिटांनी आपण काय केलं ते कळलं, तेव्हा काढून टाकला. तिने पाहिला होता की नाही, हे आजवर विचारलेलं नाही.

खारकिव रशियाच्या सीमेपासून जेमतेम ३०-४० किलोमीटर. तिथे कधीकधी स्फोट आधी होतो आणि सायरन मागून वाजतो. बाहेरची भिंत आणि आपण यांच्यामध्ये अजून एक भिंत हवी, असा तिथल्या लोकांचा दोन भिंतींचा नियम आहे. म्हणून ती कॉल पॅसेजमधून घ्यायची. लॅपटॉप चपलांच्या कपाटावर, मागे खुंटीला लटकलेले कोट. आम्हाला वर्षभर तिचा चेहरा आणि ते कोट एवढंच दिसायचं. एका डेमोला तर आमच्या क्लायंटने सांगितलं, बॅकग्राउंड जरा ब्लर करा. तिने केलं.

ऑक्टोबर २०२२ पासून वीजकेंद्रांवर क्षेपणास्त्रं पडायला लागली. त्या हिवाळ्यात सरकारने ऊब, वीज आणि इंटरनेट मिळेल अशी केंद्रं उघडली होती, तिथे बसून तिने आमचा रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, काढला. २२ मार्च २०२४ ला तर जवळपास अख्ख्या शहराची वीज गेली. चौथ्या दिवशी ती पॉवर बँकवर ऑनलाइन होती आणि सर्वांत आधी तिने माझा बग बंद केला. त्या महिन्यातला तिचा 'रिस्पॉन्स टाइम' आज कुणीतरी वाचून दाखवला. वाचून दाखवला हो! आणि मी ऐकून घेतलं.

मान्य आहे, कंपनी धर्मादाय संस्था नाही. क्लायंटला डिलिव्हरी हवी, पर्यायी व्यवस्था हवी, त्यात गैर काही नाही. पण पर्यायी व्यवस्था करणं वेगळं आणि माणसाची बढती कापणं वेगळं.

आणि ती एकटी नाही. आमच्या दुसऱ्या टीममधला कीवचा एक मुलगा, कामात हुशार, 'प्रवास करू शकत नाही' म्हणून क्लायंटसमोरच्या भूमिकेतून बाजूला झाला. युद्ध सुरू झाल्यावर तिथे १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी आली, तो कसा प्रवास करणार? पण त्याच्या रिव्ह्यूमध्ये कारण लिहिलं होतं 'मोबिलिटी कमी'. भाषा किती स्वच्छ असते ना ऑफिसची. रक्ताचा एक डाग नाही.

आता दुसरी गोष्ट, जी लिहायची की नाही यावर मी अर्धा तास घालवलाय.

आमच्या टीममध्ये सेंट पीटर्सबर्गचा एकजण होता. तिचा कोड तो तपासायचा, त्याचा ती. सहा वर्षं. एकमेकांच्या चुका न बोलता ओळखायचे. मार्च २०२२ मध्ये कंपनीने तिथलं काम गुंडाळलं. काही मोठ्या रशियन बँका स्विफ्टमधून, म्हणजे देशादेशांतले पैशांचे व्यवहार जोडणाऱ्या यंत्रणेतून, बाहेर, व्हिसा आणि मास्टरकार्ड बंद, पगार पाठवायचीही मारामार. एका दुपारी त्याचं लॉगिन गेलं. त्या सप्टेंबरमध्ये तिकडे सैन्यभरतीची घोषणा झाली आणि तो जॉर्जियात, तिबिलिसीला निघून गेला. तिथून त्याने मला एकच ओळ पाठवली, "ती ठीक आहे का?" तिने त्याला कधीच ब्लॉक केलं होतं. तिला चूक म्हणायची माझी हिंमत नाही, कुणाचीच नसावी. मी त्याला 'ठीक आहे' कळवलं. तिला मात्र त्याने विचारल्याचं सांगितलं नाही. तिच्यापुढे त्याचं नाव काढायचा मला काय अधिकार?

त्याच मार्चच्या शेवटी अमेरिकेचा अंतराळवीर मार्क वँडे हाय दोन रशियन सहकाऱ्यांबरोबर एकाच सोयूझ यानातून कझाकस्तानात उतरला, ती बातमी मी दोनदा वाचली होती. त्या तिघांना एकत्रच उतरावं लागलं. आमच्यात मात्र सगळं एका क्लिकवर तुटलं. वरून मेल आली, 'ऑफिसच्या चॅनेलवर राजकारण नको.' आम्ही आज्ञाधारक. त्यानंतर तिला 'कशी आहेस' विचारणंसुद्धा राजकारण वाटायला लागलं. चॅनेलवर कामाची तिकिटं, रिलीज, वाढदिवसाचे केक. भांडणं होतील म्हणून तो नियम आला असेल, हेही समजतं. पण मग घडलं काय? जिच्या घरावर युद्ध पडत होतं तिनेच ते लपवायचं, आम्हाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. तिने लपवलं. इतकं छान लपवलं की आज शीटवर ते फक्त उशिरा आलेल्या उत्तरांच्या रूपात उरलंय.

राग मॅनेजरवर काढत होते, पण त्या मीटिंगमध्ये मीही होते. माईक माझाही चालू होता. त्या सकाळचा अंगठा आणि आजची गप्प बसलेली मी, यात काय फरक आहे ते तुम्हीच सांगा. तेव्हा निदान सवयीने झालं होतं.

दुपारी मेल टाकली. लिहिलं की त्या रकान्यातले दोन शब्द काढा, तिने या काळात काढलेले रिलीज मोजा आणि लीडचा निर्णय पुन्हा घ्या. टीममधल्या दोघांनी खाली 'सहमत' लिहिलंय, बाकीच्यांची वाट बघतेय. आमच्या ऑफिसमधलं कुणी हे वाचत असेल तर कृपा करून इथे लाईक करू नका, तिथे त्या मेलला उत्तर द्या.

वरून अजून काही आलेलं नाही. उद्या दहाच्या कॉलमध्ये पुन्हा विचारणार आहे, ती कॉलवर असताना.