घोडा घ्यायचाय? सोबत अंगठा आणा

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायला निघालाच आहात, तर एक पथ्य पाळा: घोड्याच्या पायांकडे बघू नका. खूर, दात, दम, चाल या गोष्टी काय, घरी आणल्यावर कळतातच. तापीकाठी जाणकार म्हणून मिरवायचं असेल तर थेट कपाळाला भिडावं. माणसाच्या कपाळी लिहिलेलं कुणाला दिसत नाही. घोड्याचं तर पांढऱ्या केसांनी लिहिलेलं असतं. तेही वाचता येत नसेल तर इतकं शिकून काय उपयोग?

तोंड पांढरं आणि चारही पाय पांढरे, तो पंचकल्याणी. हा शब्द जरा मोठ्याने उच्चारायचा, पाय मोजायच्या आधीच. घोडा कडब्यात उभा असेल तर चौथा पाय गृहीत धरावा. वाकून बघणं नवशिक्याचं लक्षण.

खरी विद्या मात्र चांदणीची. कपाळावरचा पांढरा ठिपका अंगठ्याखाली पुरता झाकला गेला तर घोडा अशुभ, अशी जुनी समजूत आहे. अंगठा कोणाचा, हे मात्र कुणी ठरवून ठेवलेलं नाही, आणि सगळा बाजार त्या फटीतून चालतो. म्हणून घेणाऱ्याने सोबत एखादा पैलवान मामा न्यावा. मी एकदा पाहिलंय: मामांनी चांदणीवर अंगठा टेकवला, ठिपका गडप. विकणारा शांतपणे म्हणाला, ‘‘थांबा,’’ आणि त्याने आपल्या सात-आठ वर्षांच्या नातवाला उचलून घोड्यासमोर धरलं. त्या इवल्याशा अंगठ्याभोवती चांदणी चांगली टवटवीत दिसत होती. पाऊण तास वाद चालला. तेवढ्यात घोड्याने तीनदा मागचा उजवा पाय उचलून धरला, पण त्या पायावर काही लिहिलेलं नसल्याने कुणी बघितलं नाही.

मग केसांचे भोवरे. डोळ्याखाली भोवरा असेल तर तो आसूढाळ. मालकाला रडवतो म्हणे. गळ्यावर देवमण हा शुभ भोवरा असेल तर बाकीच्या खोडी माफ. आणि गोम तर तुम्ही रोज बोलता. ‘यात एक गोम आहे’ म्हणताना डोळ्यांपुढे सरपटणारा किडा येतो, पण घोड्याच्या अंगावरच्या केसांच्या अशुभ ओळीलाही गोमच म्हणतात.

घोड्याचं ओळखपत्र भरणाऱ्या पशुवैद्याच्या नादी मात्र लागू नका. तो कागदावरच्या चित्रात पांढरे डाग लाल शाईने भरतो, भोवऱ्याच्या जागी काळी फुली मारतो आणि शुभ-अशुभ काही न बोलता पुढच्या घोड्याकडे जातो. अंगावर पांढरा केसही नसलेले दोन तांबडे घोडे तो भोवऱ्यांवरून वेगळे ओळखतो. म्हणजे ज्या भोवऱ्यापायी तुमचा सौदा मोडला, तीच त्या जनावराची सही. वर मानेत मायक्रोचिप. कपाळाची एवढी किंमत कमी करणं बरं नव्हे.

अकबराच्या काळी हजेरीला घोडे कमी पडले की सरदार उसने आणून दाखवायचे. म्हणून घोड्याला डाग द्यायची आणि त्याचा ‘चेहरा’ लिहून ठेवायची पद्धत पक्की झाली. आपण स्थळं बघताना वापरतो तो चेहरेपट्टी शब्दही अशाच फौजी वर्णनाच्या नोंदीचा.

कपाळ पुसून बघायला ओला रुमाल तर अजिबात नेऊ नका. 1984 साली ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला फाइन कॉटन या साधारण घोड्याच्या नावाखाली बोल्ड पर्सनॅलिटी हा त्याहून सरस घोडा शर्यतीत उतरवला. केसांचा रंग लावून झाला, पायांवर पांढरा रंग फासला. घोडा जिंकला आणि पायांवरचा रंग ओघळू लागला. सगळा घोटाळा ओलाव्याने केला. सब्जा, म्हणजे करडा घोडा तर वयाबरोबर स्वतःच पांढरा होत जातो आणि चांदणी त्यात विरून जाते; भिजवलात तर खालची गुलाबी कातडी दिसते. कशाला भिजवायचं?

आणि एवढं करून अशुभ कपाळाचा घोडा गळ्यात पडलाच, तर सरळ वरातीला लावा. तिथे त्याच्या कपाळावर झालर असते, वर बसलेल्याच्या कपाळावर मुंडावळ्या, आणि अंगठा लावून बघायला कुणी येत नाही.