चिपाडाची पिशवी: शेतात पुरू नका, गाईपुढे टाकू नका

मावशीच्या बचतगटात एक मेसेज फिरतोय: 'उसाच्या चिपाडापासून घरीच प्लास्टिक बनवा. कच्चा माल फुकट. पिशवीचं 90 दिवसांत मातीत खत होतं, गाईने खाल्ली तरी अपाय नाही.' गट यंत्रासाठी कर्ज काढायच्या बेतात आहे, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

आधी गाईचं, कारण त्यात जीव जाऊ शकतो. कंपोस्टेबल, म्हणजे खत होणाऱ्या, म्हणून विकल्या जाणाऱ्या पातळ पिशव्यांत बहुधा पीएलए (वनस्पतींच्या साखरेपासून बनवलेलं प्लास्टिक) आणि पीबीएटी (लवचीक, विघटन होणारं प्लास्टिक) असतं. पीबीएटी तर मुख्यतः खनिज तेलातून येतं. पीएलए झपाट्याने तुटतं ते 58 अंशांच्या आसपास, ओल्या कंपोस्टमध्ये. गाईच्या पोटात तापमान असतं 39 अंश. तिथे ही पिशवीही साध्या प्लास्टिकसारखीच गोळा होऊन बसू शकते.

'90 दिवस' हा आकडा बहुधा आयएसओ 17088 या कंपोस्टेबल प्लास्टिकच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चाचणीवरून उचललाय. त्यात 12 आठवड्यांत पिशवीचा 90 टक्के भाग 2 मिमीच्या चाळणीतून गेला पाहिजे. म्हणजे फक्त तुकडे! पुढच्या विघटनाला 180 दिवसांची मुदत आहे, तीही 58 अंशांना. शेतातली माती इतकी तापलेली राहत नाही. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाने 2019 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग बघा: कंपोस्टेबल पिशवी 27 महिन्यांनंतरही मातीत सापडली, आणि 'बायोडिग्रेडेबल' म्हणवणारी पिशवी तर 3 वर्षांनंतरही सामान उचलत होती.

आता मेसेजमधली कृती. 'चिपाड वाटून व्हिनेगर-ग्लिसरीनमध्ये शिजवा' याने प्लास्टिक होत नाही. चिपाडात सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन असतं. ते पाण्यात शिजून खळ होत नाही. खळ होते स्टार्चची: 10 ग्रॅम कॉर्नफ्लोअर, 60 मिली पाणी, व्हिनेगर आणि ग्लिसरीन 5-5 मिली. मंद आचेवर सतत ढवळायचं, 70 अंशांच्या आसपास मिश्रण घट्ट, काचेसारखं दिसू लागतं. मग ताटात पसरून दोन दिवस सावलीत वाळवायचं. ग्लिसरीन कमी पडलं तर पापुद्रा पापडासारखा तडकतो. जास्त झालं तर पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढून चिकट होतो, बुरशी धरतो. चिपाडाची पूड त्यात नुसती भर. हा पापुद्रा मातीत काही आठवड्यांत जिरतो, एवढं मान्य. पण तो खाण्याच्या पिठाचा आहे, आणि त्यात दही भरलं तर ताटलीपर्यंतही पोचणार नाही.

'फुकट' म्हणाल तर कारखाने चिपाड बॉयलरला जाळून वाफ आणि वीज काढतात. चिपाडाच्या ताटल्या मात्र खऱ्या आहेत. पण तो लगदा गरम साच्यात दाबलेला असतो. ते कागदाचं भावंड, प्लास्टिक नव्हे.

यंत्र विकणाऱ्याला एकच विचारा: याच मालाचं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र कुठे आहे? कंपोस्टेबल पिशव्या बनवून विकण्याआधी ते घ्यावंच लागतं. ते हातात पडेपर्यंत कर्जाच्या कागदावर सही करू नका.